आधी निंब, मग विहीर

आमच्या गावात एखाद्या गोष्टीची खात्री पटवायची असली तर लोक देवाची शपथ घेत नसत. "सामेल मास्तरानं सांगतलं," एवढं म्हटलं की समोरचा गप्प बसायचा. पोळ्यात तोरणाखालून आधी कोणाची जोडी सुटली इथपासून कोणाच्या पोरीला कुठल्या गावाहून मागणं आलं इथपर्यंतचे सगळे वाद त्या एका नावापाशी येऊन थांबायचे.

असा हा माणूस आयुष्यात एकदा खोटं बोलला, आणि ते खोटं परत घ्यायला त्याला समुद्र ओलांडून जावं लागलं. ते त्यांनी सांगितलं तेव्हा मी गावात नव्हतो. परत घेतलं तेव्हा होतो, आणि पाहिलेलं अजून विसरू शकत नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी साखरखेर्ड्याचा, मेहकर तालुक्यातल्या या गावी शिक्षक म्हणून आलो. गाव लहान, बाजारहाटाला डोणगाव गाठायचं. शाळेत मास्तर दोघंच. ते मोठे मास्तर, मी धाकटे मास्तर. त्यांचं खरं नाव शमुवेल, पण ते गावाच्या जिभेला पेलत नव्हतं, म्हणून सामेल. गावातल्या चार-पाच ख्रिस्ती घरांपैकी एक घर त्यांचं. महिन्या-दोन महिन्यांनी तालुक्याहून पाद्रीसाहेब येत. एरवी प्रार्थनाघर मास्तरच चालवत.

उंच, वाळलेले, बारा महिने काळा कोट आणि हातात छत्री. ती छत्री ते जातील तिथे विसरत आणि गाव ती परत आणून देई. आवाज मात्र देवानं सढळ हातानं दिलेला. रविवारी डफ घेऊन त्यांनी अभंगाच्या चालीवर येशूचं भजन धरलं की मारुतीच्या पारावर बसलेले टाळकरी आपले विषय सोडून ऐकत. "चाल आपली, देव त्यायचा. ऐकाले आपलं काय जाते?" असा त्यांचा रोकडा हिशेब होता.

खरं बोलण्याचा त्यांना सोस होता, आणि त्याचा घरादाराला त्रास होई. सकाळी वर्गात "काल पाऊस चांगला झाला" म्हणाले तर दुपारी पुन्हा येऊन सांगत, "चांगला नाही, बरा झाला." एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. वांग्याची भाजी खारट झाली होती. मास्तर "छान झाली" म्हणून गेले, आणि ताटावरून उठता उठता थांबले.

"भाजी खारट होती वं."

रत्नाबाई, म्हणजे त्यांची बायको, तोंडानं फटकळ आणि मनानं मोकळी. कपाळाला हात लावून मला म्हणाल्या, "पाहा धाकटे मास्तर. या घरात खोट्याचं सुख बी नाही."

शाळेत मास्तर कोणाला मारत नसत. एखाद्या पोरानं दौत फोडली किंवा कोणाची पेन्सिल लांबवली, आणि आपणहून येऊन कबूल केलं, तर मधल्या सुट्टीत मास्तर त्याला शेजारी बसवून आपल्या डब्यातली अर्धी भाकर देत. मास्तरांचे आजोबा गावकुसाबाहेरच्या वस्तीतून ख्रिस्ती झालेले होते, आणि गाव या बाबतीत फार आठवणीचं असतं. काही आयांनी पोरांना बजावून ठेवलं होतं, ती भाकर खाऊ नको. पोरं खात आणि तोंड पुसून घरी जात. रत्नाबाईंच्या हातचा ठेचा इतका सरस होता की काही पोरं न केलेल्या खोड्याही कबूल करत, असा मला दाट संशय आहे.

आता त्या खोट्याविषयी.

प्रार्थनाघर गावाच्या एका टोकाला, ओढ्यापलीकडे. तिकडे जाणारी पायवाट आधी नानासाहेब देशमुखांच्या शेतातून जाते आणि मग गोविंदाच्या मळ्यातून. नानासाहेब म्हणजे गावातले सर्वांत मोठे जमीनदार. गोविंदा म्हणजे वांगी, मेथी, कांदा पिकवून डोणगावच्या बाजारात विकणारा लहान शेतकरी. दोघांच्या शेतांमध्ये धुरा, म्हणजे हद्द. धुऱ्यावर एक निंबाचं झाड आणि झाडाच्या पुढे, गोविंदाच्या बाजूला, विहीर. गावाकडून चालत गेलं की आधी निंब लागायचा, मग विहीर.

मास्तर दर रविवारी त्या निंबाखाली टेकत. गावात त्यांना कोणी आपल्या विहिरीवर येऊ देत नसे. गोविंदा मात्र त्यांना पाहिलं की मोट थांबवून तांब्या भरून आणायचा. तो वरून धार सोडायचा, मास्तर ओंजळीनं प्यायचे. तांब्या हातात देण्याइतकी त्याची मजल गेली नव्हती; पण हाक मारून पाणी पाजायचा, आणि त्या काळात तेही थोडं नव्हतं.

पुढे एका वादळात निंब पडला. नानासाहेबांनी बुंधाही खणून काढला आणि म्हणू लागले की विहीर आमच्या हद्दीत येते. पंच बसले. निंब विहिरीच्या आधी होता की नंतर, यावर सगळं येऊन ठेपलं. दर रविवारी त्या झाडाखाली बसणारा एकच माणूस होता, आणि तो खोटं बोलत नाही हे दोन्ही पक्षांना मान्य होतं.

त्याच आठवड्यात नानासाहेब प्रार्थनाघरात येऊन गेले होते. ती जागा त्यांनीच, तोंडी, देवासाठी दिलेली. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, छप्पर गळते. पत्रे टाकाले पाह्यजेत." दुसरं काही म्हणाले नाहीत. त्यांना म्हणावंही लागलं नाही.

मास्तरांनी पंचांना सांगितलं, "आधी विहीर, मग निंब."

विहीर देशमुखांची झाली. प्रार्थनाघरावर पत्रे चढले. गोविंदाचा भाजीपाला गेला आणि कोरडवाहू ज्वारी तेवढी राहिली. पुढे मी त्याला डोणगावच्या बाजारात दुसऱ्यांच्या टोपल्या वाहताना पाहिलं. त्यानं पंचांपुढे एक शब्दही काढला नव्हता म्हणतात. मास्तर सांगतात म्हणजे आपलीच आठवण चुकली असेल, असं काही दिवस त्याला खरोखर वाटत होतं, हे त्यानंच मला मागाहून सांगितलं.

मी गावात आलो तेव्हा यातलं मला काही ठाऊक नव्हतं. मास्तरांना दोन विचित्र सवयी होत्या. एक म्हणजे ते प्रार्थनाघराकडे जवळच्या पायवाटेनं न जाता सगळ्या गावाला वळसा घालून जात. विचारलं तर म्हणत, "पायाले बरं असते." दुसरी सवय बाहेरच्या कोणाच्या लक्षात येण्यासारखी नव्हती; मलाही ती मागाहून कळली. पाद्रीसाहेब आले की ख्रिस्ती मंडळींचं प्रभुभोजन असे: भाकरीचे लहान तुकडे आणि मनुकांचं पाणी, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी घ्यायचं. त्याचा एक नियम आहे. ज्याचं कोणाशी वाकडं असेल, ज्यानं कोणाचं वाईट केलं असेल, त्यानं आधी जाऊन समेट करायचा आणि मगच त्या ताटाला हात लावायचा. ते ताट घेऊन रांगेरांगेनं फिरण्याचं काम मास्तरांचं. सगळ्यांना देऊन झालं की ते रिकामं ताट आत नेत आणि धुऊन ठेवत. वाढणारा स्वतः जेवला की नाही, हे कोण पाहतो?

तर अशा मास्तरांना सिलोनचं बोलावणं आलं.

विश्वास थंडावला की त्याला पुन्हा धुगी यावी म्हणून ख्रिस्ती मंडळी मोठमोठ्या सभा भरवतात. त्यांना ते उज्जीवन सभा म्हणतात. तशी एक सभा सिलोनात भरणार होती, निरनिराळ्या देशांचे लोक येणार होते, आणि आमच्या भागातून एक कुटुंब पाठवायचं ठरलं होतं. पाद्रीसाहेबांनी मास्तरांचं नाव दिलं. मास्तर, रत्नाबाई आणि मुलगी करुणा. करुणा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. बापाची उंची आणि आईचं तोंड तिनं घेतलं होतं.

गावाला हा विषय दिवाळीपर्यंत पुरला. सिलोन म्हणजे लंका, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

"मास्तर, बाईले संभाळजा बरं. तिकडं बायका नेणाऱ्यायचं राज्य होतं!"

"अन् येतांनी सोन्याची एक इट आणजा."

"लंकेत सोन्याच्या विटा, त्या आपल्याले काय कामाच्या?" रत्नाबाई तिथल्या तिथे म्हणाल्या. "मले तर तिकडं नारळ पाह्याचे हायेत."

नानासाहेबांनी स्वतःची बैलांची दमणी देऊन त्यांना मेहकरच्या मोटारीपर्यंत पोचवलं. रत्नाबाईंनी दशम्यांचं एवढं मोठं गाठोडं घेतलं होतं की रावणाच्या सैन्याला पुरावं. आमच्या गावातलं कोणी समुद्रापलीकडे निघण्याची ती पहिलीच वेळ. म्हातारी माणसंसुद्धा वेशीपर्यंत आली होती.

पुढचं मला रत्नाबाईंनी मागाहून सांगितलं, काही करुणानं. मास्तरांनी त्याबद्दल माझ्याशी अवाक्षर काढलं नाही.

रामेश्वराच्या अंगानं बोटीत बसायचं होतं. समुद्र तिघांनी पहिल्यांदाच पाहिला. मास्तर काठावर उभे राहिले ते हलेचनात. रत्नाबाई म्हणाल्या, "एवढं पाणी, अन् एक घोट पेता येत नाही." मास्तरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की आपण काही भलतं बोललो की काय, असं त्यांना वाटलं.

सभेचा मांडव नारळाच्या झावळ्यांचा, या टोकाकडून त्या टोकाचा माणूस ओळखू येऊ नये एवढा. काळे, गोरे, पिवळे, सगळ्या रंगांचे लोक चटयांवर बसलेले. हजारो गळे एकदम गाऊ लागले की छातीत थरथर व्हायची. "मले वाटे, झावळ्या उडून जातात का काय," रत्नाबाई म्हणाल्या. त्या बाईला मी कशानंही दबलेलं पाहिलं नव्हतं; पण हे सांगताना त्या आवाज खाली आणून बोलत. गोऱ्या उपदेशकांची मोठमोठी भाषणं झाली. मास्तर मान डोलवत बसले होते, पण चटईची काडी उपसत होते. म्हणजे मन थाऱ्यावर नव्हतं.

शेवटच्या दिवशी प्रभुभोजन होतं. त्याआधी सगळ्या मांडवानं गप्प बसायचं आणि ज्याच्या मनात काही सलत असेल त्यानं उठून सांगायचं, अशी तिथली रीत. एक म्हातारा सिंहली माणूस उठला. तो काय बोलला ते आमच्या तिघांना एक अक्षर कळलं नाही. बोलता बोलता तो रडू लागला. मग मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून त्याच्याच वयाचा एक माणूस उठला, माणसांमधून वाट काढत आला आणि त्याच्यासमोर उभा राहिला. मग दुसऱ्यानं पहिल्याचा हात धरून त्याला आपल्या चटईवर नेऊन बसवलं.

आणि ताट फिरू लागलं.

आमच्याकडे प्रार्थनाघरात एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बायका बसत, आणि मास्तर तर वाढणारेच. तिथे घरोघरची माणसं एका चटईवर बसलेली होती आणि ताट हातोहात येत होतं. मास्तर आयुष्यात पहिल्यांदा बायको आणि मुलीच्या मांडीला मांडी लावून त्या ताटाची वाट पाहत होते. ताट त्यांच्या हाती आलं. त्यांनी ते तसंच करुणाकडे सरकवलं.

"बाबा, तुमी नाही घेतलं," करुणा कुजबुजली.

"तू घे."

"तुमी काऊन नाही घेत पण?"

मास्तर चटईची काडी उपसू लागले. करुणानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ताटाला हात न लावता ते आईकडे दिलं. "बाबाले चालत नाही त मले बी नाही." रत्नाबाईंना काहीच उलगडा होत नव्हता, पण नवरा आणि मुलगी उपाशी असताना आपण कसं घ्यावं, म्हणून त्यांनीही ताट पुढे दिलं. त्या एवढ्या मांडवात ताट तिघांपुढून भरल्याचं भरलं गेलं, आणि ते तिघंही आमच्या गावचे.

संध्याकाळी समुद्रावर बसून मास्तरांनी दोघींना सगळं सांगितलं. निंब, विहीर, पत्रे.

"पहिले मले पत्र्यायचं आठोलं," रत्नाबाई मला म्हणाल्या. त्यांनी हे लपवलं नाही, याचं मला त्यांच्याविषयी फार वाटतं. "त्या प्रार्थनाघराच्या भिती म्या अन् चार बायायनं लिपल्या होत्या, धाकटे मास्तर. मातीत हात सडले होते. म्या ह्यायले म्हणलं, हे तुमी बोलसान, त आपलं सगळं जाईन. हे म्हणे, हो, जाईन." अकोल्यापर्यंतच्या परतीच्या प्रवासात त्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. अकोल्याच्या स्टेशनात त्यांनी उरलेल्या दशम्या सोडल्या, त्यांच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "खाऊन घ्या. घरी गेल्यावर बोलाचं हाये तुमाले."

गावानं सत्काराची जंगी तयारी केली होती. शाळेपुढे सतरंज्या, एक टेबल, त्यावर रत्नाबाईंनीच भरलेला टेबलक्लॉथ. अध्यक्ष नानासाहेब. मीच सूत्रसंचालन करत होतो आणि चार विनोदही ठरवून ठेवले होते. मास्तरांना हार घातला. "रावणाचा वाडा पाह्यला का?" कोणीतरी ओरडलं आणि हशा झाला.

मास्तर उभे राहिले. समुद्र केवढा असतो ते सांगितलं. बोट हलते तेव्हा पोटात काय होतं ते सांगितलं. लोक खूश होते. मग त्यांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला आणि मागे, सतरंजीच्या बाहेर उकिडव्या बसलेल्या गोविंदाकडे पाहिलं.

"गोविंदा, उभा राह्य बाबा. हे तुलेच सांगाचं हाये. आधी निंब होता, मग विहीर. विहीर तुही होती. मी पंचायले खोटं सांगतलं."

मी आयुष्यात अनेक सभा पाहिल्या, पण माणसांनी भरलेलं अंगण असं ओस पडलेलं पाहिलं नाही. नानासाहेब हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "मास्तर दमले प्रवासानं. बसा, मास्तर."

"नाही, नानासाहेब. मी बरा आहे. त्या वक्ताले मले पत्र्यायचा मोह झाला. तुमी मले बोल म्हणलं नोतं. ते मीच बोललो." एवढ्यातसुद्धा त्यांनी दुसऱ्यावर जितकं येईल तितकंच येऊ दिलं, तीळभर जास्त नाही.

गोविंदा उभा होता. मला वाटलं, आता हा रडेल किंवा पाया पडेल; सिनेमात तसं होतं. तो म्हणाला, "मास्तर, तुमचा देव तुमाले लंकेत भेटला. इथं नोता काय तो?"

"इथंच होता," मास्तर म्हणाले. "तुह्या विहिरीवरच बसेल होता. म्या रस्ता बदलला."

गोविंदा चालता झाला. नानासाहेब काठी टेकत उठले. रत्नाबाई बायकांच्या घोळक्यात ताठ बसून होत्या. करुणा बापाकडे पाहत होती. ती ज्या नजरेनं पाहत होती तसं माझ्याकडे आजवर कोणी पाहिलेलं नाही.

पुढचं सगळं रत्नाबाई म्हणाल्या होत्या तसं झालं. आठवडाभरात देशमुखांची माणसं आली आणि पत्रे उतरवून घेऊन गेली. पण जागा त्यांनी घेतली नाही. "पत्रे माहे होते, ते नेले. जागा देवाले देल्ली होती. ते वापस घेणारा मी कोण?" असं नानासाहेब म्हणाले, आणि त्या दिवसापासून मला तो माणूसही नुसता वाईट वाटेनासा झाला. मास्तरांनी मेहकरच्या कचेरीत जाऊन जबाब दिला. नानासाहेबांनी तो खोडून काढला नाही. एक उन्हाळा गेला आणि विहिरीवर गोविंदाची मोट पुन्हा कुरकुरू लागली.

खोटी साक्ष दिली होती म्हणून मास्तरांचं मुख्याध्यापकपण गेलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. त्यांच्या खुर्चीवर बसताना मला घाम फुटे. ते मात्र मी वर्गात गेलो की पोरांबरोबर उठून उभे राहत. "अहो मास्तर, बसा हो," मी गयावया करी. "नियम आहे, धाकटे मास्तर," ते म्हणत. ख्रिस्ती घरंही त्यांच्यावर नाराज होती. "तुमच्या खरेपणापायी आमी उघड्यावर आलो," असं त्यांच्या तोंडावर म्हणालेलं मी ऐकलं. त्यावर मास्तर नुसतं होकारार्थी मान हलवून "हाव" म्हणाले.

आणि गावात कोणी सवयीनं "सामेल मास्तर खोटं बोलत नाहीत" म्हणालं, तर ते तिथल्या तिथे थांबवत. "बोललो आहे. एकदा."

एके दिवशी मधल्या सुट्टीत एका पोरानं पाटी फोडल्याचं कबूल केलं आणि अर्धी भाकर खाता खाता विचारलं, "गुरुजी, तुमी बी खरं सांगतलं न? मंग तुमाले भाकर कोनं देल्ली?"

मास्तर जोरात हसले. सिलोनहून आल्यावर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "नाही मिळाली बाप्पा अजून. वाट पाहून राह्यलो."

ती वाट ते खरोखर पाहत होते. पाद्रीसाहेब आले, बिनछपराच्या चार भिंतींत प्रभुभोजन झालं, आणि मास्तरांनी ताट पुन्हा तसंच पुढे सरकवलं. आता लोकांना ते दिसत होतं, कारण सिलोनहून आल्यावर त्यांनी बायका-पुरुषांच्या वेगळ्या रांगा मोडून घरोघरच्यांना एकत्र बसवायला सुरुवात केली होती, आणि वाढायला दुसऱ्याला उभं केलं होतं. करुणानंही घेतलं नाही आणि रत्नाबाईंनीही. पाद्रीसाहेबांनी समजावलं, तुम्ही कबूल केलंत, विहीर परत मिळाली, आता काय राहिलं? मास्तर म्हणाले, "गोविंदा बोलला नाही अजून." त्यांच्या हिशेबात खरं सांगणं म्हणजे समेट नव्हता. समेटाला दुसरा माणूस लागतो, आणि त्याच्यावर त्यांचा काही हक्क नव्हता.

ते आता रोज जवळच्या पायवाटेनं प्रार्थनाघराकडे जात. मोटेवर गोविंदा असे. मास्तर "राम राम, गोविंदा" म्हणत. गोविंदा बैलांकडे तोंड फिरवी. हे मी पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, पुरे झालं मास्तर, सोडा आता. देवाधर्माचा मी फारसा माणूस नाही. पण नाकारलं जाण्याकडे रोज सकाळी स्वच्छ कोट घालून चालत जाणारा माणूस पाहिला की मान आपोआप खाली जाते.

माझी बदली साखरखेर्ड्याला झाली. निघायचा दिवस रविवार होता आणि तालुक्याहून पाद्रीसाहेब आले होते. दुपारच्या मोटारीला वेळ होता, म्हणून मास्तरांना सोबत करत ओढ्यापर्यंत निघालो. वैशाखाचं ऊन होतं. मळ्यात मेथीचे हिरवे वाफे होते आणि मोटेचं पाणी पाटातून पळत होतं. मास्तर म्हणाले, "राम राम, गोविंदा."

गोविंदानं बैल थांबवले. आमच्याकडे न पाहता म्हणाला, "मास्तर, ऊन लय हाये. पानी पेऊन जा."

मास्तरांनी छत्री आणि भजनाचं पुस्तक माझ्या हातात दिलं, विहिरीपाशी गेले, खाली वाकले आणि पूर्वीसारखी ओंजळ धरली. गोविंदा तांब्या भरून आला. त्यानं त्या ओंजळीकडे पाहिलं.

"ओंजळ कायले?" तो म्हणाला. "तांब्या घ्या न हातात."

मास्तरांनी तांब्या घेतला. ते प्याले. पुष्कळसं पाणी कोटावर सांडलं. गोविंदा पुन्हा मोटेकडे गेला.

ओढ्याच्या काठावर आम्ही निरोप घेतला. मास्तर पुस्तक घेऊन प्रार्थनाघरात शिरले. मी लगेच निघायला हवं होतं, पण पाय निघेना. पत्रे नव्हते आणि पावसानं एका बाजूची भिंत कंबरेइतकी खचली होती, त्यामुळे बाहेरून सगळं दिसत होतं. मास्तर करुणाशेजारी बसले, पलीकडे रत्नाबाई. ताट फिरत फिरत त्यांच्याकडे आलं. करुणा सवयीनं हात पुढे करून थांबली, बाप ते तसंच पुढे देईल म्हणून.

मास्तरांनी एक तुकडा उचलला. करुणानं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या ओल्या कोटाकडे पाहिलं, आणि बसल्या जागी तोंडावर ओढणी घेतली. रत्नाबाईंनी हात लांब करून ताट स्वतःच ओढून घेतलं, आपला तुकडा घेतला आणि मुलीच्या हातात तिचा ठेवला. मास्तर लहान पोरासारखे हळूहळू चावत होते, डोळे उघडे ठेवून, वर नुसत्या आभाळाकडे पाहत. त्यांची छत्री माझ्याच हातात राहिली होती. ती मी भिंतीवर ठेवली आणि मोटार गाठायला निघालो.